फडक्यातून गाळलेलं नाव

सत्तर सालच्या थंडीत आमच्या बाभूळदऱ्यात फ्लूची साथ आली, आणि ती इतकी मन लावून आली की भजनी मंडळाने टाळ खुंटीला टांगून ठेवले. ठेका खोकल्यानेच धरला जात होता. राहुरीकडून येणारी एस. टी. अलीकडच्या वळणावर असतानाच आतल्या लोकांच्या खोकण्यावरून कळायची. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचं सोडून दिलं होतं. आमचा शेजारी पुंजाराम शिंकला, की साखर कारखान्याचा भोंगा झाला असं समजून पाळीवरचे गडी डबा घेऊन निघायचे. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने पुंजारामाला शिंकताना पाहिलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

नेमकी या दिवसांत माझी लेक रतन बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. मुलगी झाली. केवढी म्हणाल, तर मक्याचं कणीस सोला आणि त्याला डोळे लावा. छबूने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला कापसात गुंडाळून पाळण्यात ठेवली, तर कापूस कुठे संपतो आणि नात कुठे सुरू होते ते हाताने चाचपून बघावं लागायचं.

आमच्या भागाच्या नर्सबाई बद्रुन्निसा. बाई बारीक, पण बोलणं असं की तलाठी त्यांना रस्ता द्यायचा. त्यांनी लेकराला तपासलं, हात धुतले आणि मला ओट्यावर बोलावलं.

"आबा, पोरगी जगेल. पण हिला फ्लू झाला तर माझ्या पेटीत हिच्यासाठी काही नाही. आत्ताच सांगून ठेवते. खोकणारं माणूस या खोलीत पाऊल टाकणार नाही. न खोकणारं आलं तर नाक आणि तोंड झाकून येईल. सुती फडकं, तीन घड्या, उकळलेलं, उन्हात वाळवलेलं."

"एवढंच ना?" मी म्हणालो.

"एवढंच," त्या म्हणाल्या.

मुळेवर धरण बांधायला निघालेल्या साहेबांनाही कुणीतरी 'एवढंच' म्हणूनच काम सांगितलं असणार.

छबूने माझं ठेवणीतलं धोतर फाडलं. जुनं का नाही फाडलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, नातीपुढं जुनं बरं दिसतं का. तिने झकास फडकं शिवलं, चार नाड्या लावल्या आणि खोलीच्या चौकटीला खिळा मारून त्यावर अडकवलं. मी समाधानाने तंबाखू मळायला बसलो. बायका येऊ लागल्या. दाराशी थांबायच्या, फडकं काढून तोंडाला बांधायच्या, आत जाऊन लेकरू बघायच्या, बाहेर आल्या की फडकं पुन्हा खिळ्याला. मागची ते घ्यायची. कुठे भांडण नाही, तंटा नाही. मला वाटलं, चला, गाव सुधारलं.

नर्सबाई पुन्हा आल्या तेव्हा ओळीत पाचवी-सहावी बाई आत चालली होती. त्यांनी खिळ्याकडे बघितलं.

"हे फडकं कुणाचं?"

"घराचं," छबू म्हणाली.

"घराला नाक असतं का, छबूबाई?"

छबूला प्रश्नच कळेना. तिच्या लेखी सगळं सरळ होतं. देवीच्या देवळात गाभाऱ्यापाशी खुंटीवर सोवळं असतं. ज्याची पूजेची पाळी तो ते नेसतो आणि पूजा झाली की पुन्हा खुंटीवर ठेवतो. सोवळं गाभाऱ्याचं असतं, पुजाऱ्याचं नव्हे. तसं हे फडकं खोलीचं. वर ती प्रत्येक बाईमागे त्यावर तुळशीचं पाणी शिंपडत होती, ते वेगळंच.

"अहो, सगळ्या आळीचा खोकला या एका फडक्यात गोळा झालाय," नर्सबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तो येईल तिला ताटात वाढताय."

"पन आत कुनी उघड्या तोंडानं गेलं न्हाई," छबू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नर्सबाईंनी फडकं काठीने उचलून चुलीत टाकलं. माझ्या ठेवणीतल्या धोतराचा तो शेवट. मग त्यांनी नवा कायदा सांगितला. ज्याचं फडकं त्याचं. पुढून हात लावायचा नाही, मागच्या नाड्या धरून सोडायचं. ओलं झालं की बदलायचं. आणि हे सगळं बघायला एक माणूस ओट्यावर बसवायचा.

त्या माणसाचं नाव सांगायला नको. मी काठी घेऊन ओट्यावर बसलो, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात वैतागाचा आठवडा सुरू झाला.

पहिला पुंजाराम. त्याचं फडकं त्याच्या बायकोने शिवलेलं, अगदी नाकापासून हनुवटीपर्यंत. मी खूश होऊन बघतो तर मधोमध गोल भोक, त्याला काज केल्यासारखी शिलाई, आणि भोकातून विडी बाहेर.

"पुंजा, हे काय?"

"विडी हाय."

"भोक काय म्हणून?"

"मग विडी कुठून ओढू? कानातून?"

"अरे, भोकातून रोग जातो."

"धूर बाहेर येताना रोग आत कसा जाईल, आबा? एका वाटेवर समोरून गाडी आल्यावर दुसरी गाडी शिरती का? तुमीच सांगा." आणि एवढं बोलून त्याला शिंक आली. शिंक येताच त्याने चटकन फडकं खाली ओढलं, ओट्याकडे तोंड करून मनसोक्त शिंकला आणि फडकं पुन्हा वर चढवलं.

मी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "शिंकताना खाली का ओढलंस?"

"घान झालं असतं ना," पुंजाराम म्हणाला. "बायको रोज रोज उकळून देती व्हय?"

त्याला मी हाकलला. जाताना म्हणाला, "बैलाला मुसकं बांधत्यात ते धान खाऊ नये म्हनून. तुमच्या घरी मी काय खानार होतो, आबा? चहा तरी इचारला का?"

मग इतर आले. एकाचं फडकं हनुवटीला, दुसऱ्याचं कपाळाला, कारण म्हणे घाम तिथेच येतो. भिमाजीने त्यात भाकरी बांधून शेतावर नेली आणि संध्याकाळी तेच तोंडाला लावून आला. त्याला लसणीच्या चटणीने ठसका लागला आणि मला तो फ्लू वाटला. नाक तर कुणीच झाकेना. तोंड झाकायला हरकत नाही, पण नाक झाकल्यावर माणूस मेलेला दिसतो, असं सगळ्यांचं एकमत. बायकांची आणखी तऱ्हा. रस्त्याने येताना थोरामोठ्यांपुढे पदर नाकापर्यंत ओढून यायच्या, आणि पाळण्यापाशी गेल्या की तोच पदर आणि त्याखालचं फडकं दोन्ही सोडून लेकरावर वाकायच्या. का, तर लेकराला आपलं तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर ते मोठेपणी ओळख देत नाही. आठवडाभराच्या लेकराने आळीतल्या बायका ध्यानात ठेवायच्या, असा त्यांचा आग्रह. शेवटी मी खोलीचं दार लावूनच घेतलं आणि आत रतन आणि छबू सोडून सगळ्यांना बंदी केली. छबूला जरा जरी नाक ओढताना ऐकलं की तिलाही बाहेर काढायचो. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं. लेकरू अजून श्वास घ्यायचं तर कापूस हलायचा, एवढंच. त्या हलणाऱ्या कापसाकडे बघत ती बसून राहायची.

एवढं झालं आणि बारसं आलं.

बारशाला आत्या लागते. आत्याने लेकराच्या कानात नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं, आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे. त्याशिवाय नाव लागत नाही. आमच्या नातीची आत्या राहीबाई, जावयाची थोरली बहीण, संगमनेरला राहते. विधवा, पोटी मूल नाही, भावाला तिनेच वाढवलेलं. रतनच्या लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती; या लेकरासाठी राहीबाईने किती उपास धरले आणि किती देवांना शब्द दिला याचा हिशेब देवांनाही लागला नसता. बाई मनाची मोठी. आवाजाने त्याहून मोठी. संगमनेरच्या बाजारात तिने कोथिंबिरीचा भाव विचारला की प्रवरेपलीकडचे बागवान भाव उतरवतात, असं मी ऐकलंय. कुणाकडून ऐकलं ते विचारू नका.

राहीबाई बारशाच्या सकाळी एस. टी.ने आली. हातात झबलं-टोपडं, डोक्यावर पाटी, आणि छातीत खोकला असा, की एस. टी. थांबायच्या आधी तो उतरला.

"धुरळ्यानं झालं, आबा," ती म्हणाली. "कुठं हाय माझं सोनं?"

मी काठी आडवी धरली. आयुष्यात व्याह्यांकडच्या माणसापुढे काठी धरायची पाळी यावी, यापरता वैताग नाही.

"राहीबाई, बसा. आधी चहा घ्या."

"चहा मागनं. लेकरू दावा."

"नर्सबाई म्हणत्यात, खोकणाऱ्यानं आत जायचं नाही."

"मी खोकत न्हाई," राहीबाई म्हणाली, आणि पुढचा बराच वेळ ती खोकत होती.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. बारसं आहे म्हटल्यावर त्या मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी राहीबाईच्या कपाळाला हात लावला. "ताप आहे तुम्हाला."

"उनातनं आले."

"थंडीतलं ऊन आहे, बाई."

"बरं, आसंल ताप. फडकं द्या, बांधते. नाव सांगायपुरतं खाली करीन."

"तेवढ्यापुरतंच तर बांधायचंय," नर्सबाई म्हणाल्या.

राहीबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "नाव फडक्यातून सांगू? अवो, आमी दूध गाळतो, ताक गाळतो. नाव गाळून देत्यात व्हय कुनी? अर्धं फडक्यात राह्यलं तर? जलमभर पोरगी अर्ध्या नावानं हिंडंल."

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्यांची फडकी गळ्यात होती. मी एकेकीकडे बघून नाकाकडे बोट दाखवत होतो, आणि त्या मला काहीतरी झालंय असं समजून माझ्याकडे कीव करून बघत होत्या.

इतक्यात आतून खोलीचं दार किलकिलं झालं. रतन चौकटीत उभी होती, तोंडाला फडकं, नाकावरून नीट. माझी ही लेक लहानपणापासून कमी बोलणारी. मी इतकं बोललोय की तिच्या वाट्याला शब्द उरले नसावेत.

"वन्सं," ती म्हणाली, "लेकरू तुमच्या उपासाचं हाय. नाव तुमीच ठेवायचं, दुसरं कुनी ठेवलं तर मी घेनार न्हाई. पन तुमी आत आल्या तर मी तिला घेऊन मागच्या दारानं निघून जाईन."

"कुठं जाशील?" राहीबाईने विचारलं.

"म्हाईत न्हाई. जाईन."

राहीबाईचा चेहरा असा झाला की मला काठी धरवेना. तिला रागावताही येईना आणि रडताही येईना; तिने खोकून घेतलं. "बाळंतिणीनं घर सोडायचं न्हाई. मीच जाते," ती म्हणाली आणि पाटी उचलायला वाकली. "दुपारची गाडी हाय. नाव तुमीच ठेवा. न्हाईतर नकाच ठेवू."

ही बाई अशी परत गेली असती तर माझ्या लेकीला सासरी संगमनेरात पुढची वीस वर्षं पाणी गोड लागलं नसतं. आणि आत घेतली असती तर कापूस हलायचा थांबला असता. मी इकडे बघतो, तिकडे बघतो. समोर राहणाऱ्या चांदभाईच्या ओट्यावर त्याने नगरहून आणलेला रबरी पाईप वेटोळं करून पडला होता. विहिरीच्या इंजिनासाठी आणलेला, पण अजून पाण्याचं तोंड न पाहिलेला.

"राहीबाई, खाली ठेवा ती पाटी," मी म्हणालो. "तुम्ही राजघराण्यातलं बारसं बघितलंय का?"

"न्हाई."

"मी बघितलंय. लांब, वऱ्हाडाकडे, नाव सांगणार नाही, त्यांनी शपथ घातलीय. तिथं आत्या पाळण्यापाशी जातच नाही. आत्या हत्तीवर बसते, अंगणात. लेकरू महालात, वरच्या मजल्यावर. मधे चांदीची नळी. आत्या नळीतून नाव सांगते. जवळ जाऊन कानात पुटपुटणं हे आपल्या गोरगरिबांचं. नळीतून आलेलं नाव इकडंतिकडं सांडत नाही, सरळ कानात जातं. त्या घराण्यात एकाचंही नाव कोणी विसरलेलं नाही."

राहीबाईने पाटी पूर्ण खाली ठेवली नाही, पण उचललीही नाही. "हत्तीवर?"

"हत्ती आजारी असेल तर ओट्यावरही चालतं."

"ह्यो मानूस खोटं बोलतोय," पुंजाराम गर्दीतून भोकातल्या विडीसकट म्हणाला.

"बोलू दे," राहीबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नळी कुठं हाय?"

मी चांदभाईला हाक मारली. चांदभाई आपल्या ओट्यावरून हलेना. "आबा, नवा पाईप आहे. दोन दिवस झाले नाहीत आणून. लेकराच्या कानात घालायला आणला का मी?"

"चांदभाई, तुझ्या पाईपातून पाणी तर सगळेच नेतील. नाव कुणी नेलंय?"

"ते खरं," चांदभाई म्हणाला आणि पाईप खांद्यावर घेऊन आला. "पण कापायचा नाही. एवढं सांगून ठेवतो."

खिडकीतून एक टोक आत दिलं. छबूने ते गरम पाण्याने धुतलं, पुसलं आणि पाळण्याजवळ धरलं. दुसरं टोक ओट्यावर. राहीबाई टोकापाशी बसली, पदर सावरला, तोंड पुढे केलं, आणि नर्सबाईंनी मधे हात घातला.

"थांबा. तुमचा श्वास या नळीतूनच आत जाणार. मग खोलीत बसलात काय आणि इथे बसलात काय."

माझी सगळी बुद्धी तिथे संपली होती. नर्सबाईंनी पेटीतून कोरं फडकं काढलं, त्याच्या तीन घड्या घातल्या आणि ते पाईपाच्या टोकाला करकचून बांधलं. नाड्यांना गाठी. चारी बाजूंनी बोट फिरवून कुठे फट राहिली नाही ना, बघितलं. वर राहीबाईच्या नाकातोंडालाही दुसरं बांधलं. आणि मी मनात म्हटलं, आठवडाभर काठी घेऊन बसलो. या गावात, माझी लेक सोडली तर, फडकं बरोबर बांधलेलं पहिलं तोंड हे. चांदभाईच्या पाईपाचं.

"आता तर दोनदा गाळून जाईल," राहीबाई फडक्यातून म्हणाली.

"दोनदा गाळलेलं तूप जास्त टिकतं, राहीबाई," मी म्हणालो. "सांगा."

तिने डोळे मिटले. मग जिच्या आवाजाने बागवान भाव उतरवतात त्या बाईने, पाईपाच्या फडक्याला टेकूनही न टेकता, इतक्या हळू नाव सांगितलं की शेजारी बसून मला ऐकू आलं नाही. मग कुर्रर्र. आत छबूने ओरडून सांगितलं, "आलं, आलं. सुमन म्हनलं." आणि बायका गुद्दे घालायला धावल्या. गुद्दे घालताना ओरडायचं म्हणून सगळ्यांनी फडकी खाली ओढली. मी काठी आपटली, नर्सबाई ओरडल्या, कुणाला फिकीर. गुद्द्यांनी राहीबाईला असा खोकला लागला की तिने स्वतःच पाईप ढकलून लांब केला, दोन्ही हातांनी, जसा लेकरापुढून विस्तव बाजूला सारावा.

संध्याकाळी ती अंथरुणाला लागली. आम्ही तिला गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं, कारण घरात दुसरी जागा नव्हती. ताप चढला तेव्हा ती बडबडत होती, आणि बडबडीत पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, सुमन शिंकली का. मी नाही म्हणालो की ती गप्प व्हायची. जावई काकासाहेब घाबरून संगमनेरहून आले, तर तिने त्यांना पडवीच्या बाहेरूनच परत लावलं.

दरम्यान गावात बातमी पसरली की आमच्या नातीचं नाव नळीतून ठेवलं आणि फार चांगलं बसलं. त्या महिन्यात आणखी दोन घरी बारशी होती. दोन्ही घरचे चांदभाईकडे पाईप मागायला आले. चांदभाईने पाईप दिला आणि बरोबर नर्सबाईंचं फडकंही दिलं, तर एकाने वाटेतच ते पिळून पाईपाचं वेटोळं बांधायला सुतळी केली आणि दुसऱ्याने त्या फडक्याने घोड्याचं तोंड पुसलं. मी दोघांच्या दारात जाऊन सांगून आलो. दोघांनी ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि केलं मनासारखंच. याहून वाईट काय करावं माणसाने?

राहीबाईचा ताप उतरला, खोकला गेला, तरी ती पडवीतून हलेना. नर्सबाई आल्या, त्यांनी छाती तपासली आणि म्हणाल्या, आता जा, बघा लेकरू. राहीबाईने हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत. दोरीवर उन्हात वाळलेलं आपलं फडकं नाडीने धरून काढलं, नाकावरून बांधलं, मागे दोन गाठी मारल्या. एकटीने आत जायचं तिला धाडस होईना म्हणून मला बरोबर घेतलं.

उंबऱ्यावर ती थांबली. पाळण्यात कापूस आता कमी आणि सुमन जास्त दिसत होती. लेकरू जागं होतं. राहीबाईचा पाय उंबऱ्यावरच अडला. मला वाटलं, रडतेय. तसं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

"आबा," ती म्हणाली, "नाक भायेर हाय तुमचं."

मी फडकं वर ओढलं. तिने नीट बघून घेतलं, मगच पाऊल आत टाकलं.